परीक्षकाच्या निवाड्याविरुद्ध दाद

न्यायाधीशाच्या निकालावर वरिष्ठ न्यायालयात अपील करता येते, तहसीलदाराच्या हुकमाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, ग्रामपंचायतीच्या ठरावावरही हरकत नोंदविण्याची तजवीज कायद्याने करून ठेवलेली असते. परंतु ज्या निवाड्यावर एखाद्या तरुणाच्या पुढच्या साऱ्या आयुष्याची दिशा अवलंबून असते, त्या परीक्षकाच्या निवाड्याविरुद्ध कोणाचे दार ठोठावावे, या प्रश्नाला आपल्या विद्यापीठीय जीवनात फार काळपर्यंत उत्तरच नव्हते. उत्तरपत्रिका बंद दप्तरात, परीक्षक अज्ञात, गुणदानाची कारणे अलिखित आणि निकाल मात्र अंतिम, अशी ती व्यवस्था होती. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा शैक्षणिक इतिहास ज्यांनी आस्थेने पाहिला आहे त्यांना हे सांगावयास नको की, या प्रदेशात विद्या ही सहजप्राप्त वस्तू कधीच नव्हती; ती परक्या माध्यमातून, दूरच्या विद्यापीठाच्या आश्रयाने आणि ऐपतीबाहेरचा खर्च सोसून मिळवावी लागली. म्हणूनच अन्याय्य वाटणाऱ्या गुणांविषयी येथील विद्यार्थ्याने केलेली तक्रार हा केवळ दोन-चार गुणांसाठी धरलेला हट्ट समजणे योग्य होणार नाही. रयतेचा नागरिक कसा होत गेला, या मोठ्या इतिहासातील ते एक लहानसे पण अर्थपूर्ण प्रकरण आहे.

या प्रकरणाचा आरंभ निजामी अंमलात करावा लागतो. १९१७ साली सातव्या निजामाने काढलेल्या फर्मानान्वये हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाची स्थापना ठरली आणि १९१८ साली ते अस्तित्वात आले. उच्च शिक्षण हिंदुस्थानी भाषेतून देणारे आधुनिक विद्यापीठ म्हणून त्याचा लौकिक झाला आणि त्याच्या भाषांतर-विभागाने उर्दूत आणलेल्या शास्त्रीय ग्रंथांचे मोल कोणीही नाकारू नये. तथापि नांदेड, बीड, परभणी, उस्मानाबाद या मराठी मुलखातील मुलाला उर्दू इंग्रजीइतकीच परकी होती. प्राथमिक वर्गात मराठीतून शिकलेला मुलगा पुढे उर्दूतून गणित आणि इतिहास शिके, उर्दूतूनच इम्तिहान देई, आणि आपल्या उत्तरात उणीव ज्ञानाची होती की भाषेची, हे त्याला कधीही कळत नसे. खानगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी हवी, आणि सभा भरवावयाची तर १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या प्रसिद्ध परिपत्रकाप्रमाणे पूर्वमंजुरी हवी. अशा राज्यात एखाद्या उमेदवाराने तालीमात (शिक्षण) खात्याकडे जाऊन गुण कमी का पडले याची कैफियत मागावी, ही कल्पनाच संभवत नव्हती. दरखास्त करता येत असे. परंतु दरखास्त मंजूर करणे ही मेहेरबानी होती, आणि मेहेरबानीला कारण विचारण्याचा शिरस्ता नसतो.

विद्यापीठीय अधिकाराशी मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांचा पहिला मोठा संघर्ष झाला तो गुणांवरून नव्हे, तर गीतावरून. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि त्यापाठोपाठ हैदराबादच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, बंदी मोडली आणि परिणामी त्यांना काढून टाकण्यात आले. हैदराबाद संस्थानात या हुकमाविरुद्ध दाद लागण्याजोगी जागा नव्हती. म्हणून ती दाद संस्थानाच्या सीमेपलीकडे मागावी लागली, आणि नागपूर विद्यापीठाने या मुलांना प्रवेश देऊन ती दिली. या घटनेकडे स्वातंत्र्यलढ्याचा एक प्रसंग म्हणून पाहण्याची आपली रीत आहे आणि ती यथार्थच आहे. परंतु शिक्षणाच्या इतिहासकाराला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. विद्यापीठाने केलेल्या अन्यायावर उपाय हवा असेल तर ते विद्यापीठच सोडून जावे, एवढा एकच मार्ग तेव्हाच्या विद्यार्थ्यापुढे मोकळा होता. जो घरदार सोडून नागपूरला जाऊ शकला त्याचे शिक्षण पूर्ण झाले. जो जाऊ शकला नाही, त्याचे अर्ध्यावर राहिले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि अवघ्या दोन वर्षांत, १९५० साली, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ज्यांनी मुख्याध्यापकपण केले आणि मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करताना ज्यांनी कारावास भोगला, त्या संन्याशाला स्वातंत्र्यानंतर प्रथम जी निकड वाटली ती महाविद्यालयाची, ही गोष्ट या भागाच्या गरजेवर पुरेसा प्रकाश टाकते. हे महाविद्यालय आरंभी उस्मानिया विद्यापीठाशीच संलग्न होते. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि मुंबई विद्यापीठाचे अनुभवी प्रशासक एस. आर. डोंगरकेरी हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. लातूरला १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय, नांदेडला १९६३ मध्ये यशवंत महाविद्यालय, पुन्हा लातूरला १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय, अशी एकेक संस्था उभी राहत गेली. नरहर कुरुंदकरांसारखा विचारवंत नांदेडच्या शाळेत आणि नंतर पीपल्स कॉलेजात शिकवू लागला. आणि ज्या खेड्यांत पूर्वी पत्र वाचून दाखविणारा माणूस शोधावा लागे, त्या खेड्यांतून पदवीधर निघू लागले.

परंतु नव्या विद्यापीठाने परीक्षेची जी पद्धती स्वीकारली ती जुनीच होती. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली तेव्हापासून चालत आलेली. वर्षभर शिकवावे एकाने, प्रश्न काढावेत दुसऱ्याने, उत्तरे तपासावीत तिसऱ्याने, आणि या तिघांची व विद्यार्थ्याची गाठ कधीही पडू नये, हे तिचे सूत्र होते. या सूत्रामागे निःपक्षपातीपणाची खरी तळमळ होती, हे मान्य केलेच पाहिजे. ओळखीपाळखीचा, जातीचा, गावकीचा दाब परीक्षकावर येऊ नये म्हणून गोपनीयतेचा हा कोट बांधलेला होता. मात्र त्याच कोटाने अन्याय झालेल्या विद्यार्थ्यालाही बाहेर ठेवले. निकाल वर्तमानपत्रात आसनक्रमांकांच्या रांगांनी छापून येई. आपला क्रमांक त्या रांगेत नाही हे किनवटच्या, देगलूरच्या किंवा उदगीरच्या मुलाला तेथेच उमगे. गुणपत्रक महाविद्यालयाच्या कचेरीत पुढे यथावकाश पोचे. मग काय करावयाचे? ठरावीक मुदतीत शुल्क भरून गुणांच्या फेरमोजणीचा अर्ज करावयाचा. बेरीज चुकली आहे काय आणि एखादे उत्तर तपासावयाचे राहिले आहे काय, एवढेच त्यात पाहिले जाई. दिलेले गुण योग्य आहेत काय, हा प्रश्न त्या चौकशीच्या कक्षेबाहेरचा होता. मीटरगेज गाडीने रात्रभर प्रवास करून नांदेडचा विद्यार्थी औरंगाबादेस पोचे, लातूरकराच्या नशिबी तर बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग उलट्याच दिशेला जाणारा असल्याने एस. टी. हेच साधन असे. आणि इतके करून हाती येई ते ‘गुणांत बदल नाही’ हे छापील उत्तर.

परीक्षकाचा अंक अचूक असतो ही श्रद्धा या साऱ्या व्यवस्थेच्या पायाशी होती, आणि त्या श्रद्धेला शास्त्राचा आधार नव्हता. इंग्लंडमध्ये एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ सालीच परीक्षांतील गुणांचे संख्याशास्त्रीय परीक्षण करून दाखवून दिले होते की, एकाच उत्तरपत्रिकेस निरनिराळे जाणकार परीक्षक जे गुण देतात त्यांत योगायोगाचा अंश मोठा असतो. १९३५ मध्ये हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी केलेला प्रयोग तर प्रत्येक अध्यापकाने ध्यानात ठेवावा असा आहे. इतिहास विषयाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनी १४ परीक्षकांकडून तपासून घेतल्या आणि वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांपुढे पुन्हा ठेवल्या. तेव्हा एकूण २१० निर्णयांपैकी ९२ निर्णयांत परीक्षकाने स्वतःचाच पूर्वीचा निवाडा बदलला. हे परीक्षक निष्काळजी नव्हते आणि अप्रामाणिकही नव्हते; मानवी निर्णयाचे स्वरूपच तसे आहे. आपल्याकडे डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची तर ती परीक्षांची सुचवावी लागेल, असे निःसंदिग्धपणे म्हटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७३ मध्ये परीक्षा-सुधारणेची कृतियोजनाही प्रसिद्ध केली. निदान जाणकारांना ठाऊक होते. उपचार मात्र दाराशी थबकलेले होते.

दरम्यान गुणांचे मोल वाढत होते, आणि ते लातूरइतके कोठेही वाढले नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा जिल्हा झाला आणि त्यानंतरच्या दशकात तेथील महाविद्यालयांनी शिस्तबद्ध अध्यापन, जादा तास, सरावाच्या चाचण्या आणि तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्यासमोर ठेवून केलेली चुकांची चर्चा यांच्या बळावर बारावीच्या गुणवत्ता यादीत असे स्थान मिळविले की ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रभर रूढ झाला. कोरडवाहू शेतीवर गुजराण करणाऱ्या कुटुंबाला वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्रवेश म्हणजे पिढीचे दैन्य फिटण्याची एकमेव वाट होती. त्यातच वैद्यकीय प्रवेशासाठी सत्तर-तीस टक्क्यांचे प्रादेशिक सूत्र लागू असल्यामुळे, आणि मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालये तुलनेने थोडी असल्यामुळे, येथील विद्यार्थ्याला अन्य विभागांतील विद्यार्थ्यापेक्षा अधिक गुण असूनही मागे राहावे लागत असे. हे सूत्र २०२० च्या सप्टेंबरात रद्द होईपर्यंत ही व्यथा कायम होती. अशा स्थितीत एका गुणाने गावातले एक घर वर जाई किंवा होते तेथेच राही. चाचणीची उत्तरपत्रिका महाविद्यालयात डोळ्यांनी पाहणाऱ्या या मुलांना ज्या परीक्षेवर सर्वस्व अवलंबून होते तिची उत्तरपत्रिका मात्र पाहता येत नव्हती, आणि ही विसंगती त्यांना बोचावी हे स्वाभाविक होते.

या विसंगतीला पहिले आव्हान दिले गेले ते मुंबईच्या उच्च न्यायालयात. १९६५ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७७ मध्ये जे विनियम केले त्यांतील १०४ क्रमांकाच्या विनियमाने उमेदवाराला गुणपडताळणीचा हक्क दिला, परंतु उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि पुनर्मूल्यांकन मागण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत नाकारला. काही विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध याचिका केल्या, आणि १९८० साली उच्च न्यायालयाने हा प्रतिबंध अवाजवी ठरवून रद्द केला. विद्यार्थिवर्गाचा हा आनंद अल्पकालीन ठरला. मंडळाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले आणि जुलै १९८४ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्ण एराडी यांनी लिहिलेल्या निकालपत्राने तो विनियम पुन्हा वैध ठरला. निकालपत्राचा युक्तिवाद विचारार्ह आहे. शैक्षणिक धोरण ठरविणे हे त्या क्षेत्रातील तज्ज्ञांचे काम आहे. लक्षावधी उमेदवारांपैकी प्रत्येकाला उत्तरपत्रिका दाखवावयाची म्हटले तर निकाल कधीच अंतिम होणार नाहीत आणि पुढील प्रवेशांचे वेळापत्रक कोलमडेल. आणि दुसरी बाजू ऐकून घेण्याचे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व गुणदानाच्या क्षेत्रापर्यंत ताणता येणार नाही, असा त्याचा आशय होता. यातील अंतिमतेची काळजी खरी होती, कारण जो निकाल कधीच संपत नाही तो कोणाच्याच उपयोगी पडत नाही. परंतु संस्थेच्या सोयीचा विचार करताना व्यक्तीवरील अन्यायाचे पारडे येथे हलके धरले गेले, असे आज मागे वळून पाहताना म्हणावेसे वाटते.

या निकालाला दोन वर्षेही होत नाहीत तोच गुणांच्या एका तक्रारीने महाराष्ट्राचे राज्य हादरविले, आणि त्या घटनेचे धागे नेमके लातूर व नांदेड या दोन जिल्ह्यांशी जुळलेले होते. लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर हे हैदराबाद मुक्तिसंग्रामातून पुढे आलेले आणि दीर्घ काळ विधिमंडळात काम केलेले नेते जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विषयातील एम. डी. ची परीक्षा झाली. त्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या एका तरुण डॉक्टराने १९८६ च्या आरंभी उच्च न्यायालयात याचिका केली. मुख्यमंत्र्यांच्या कन्येला उत्तीर्ण करण्यासाठी गुणांच्या नोंदींत फेरफार करण्यात आला, असा त्याचा आरोप होता. एकसदस्य न्यायपीठाने कागदपत्रांची रुजुवात करून जे कठोर ताशेरे ओढले त्यांनंतर मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि त्यांच्या जागी आले ते नांदेडचे शंकरराव चव्हाण. पुढे खंडपीठाने, मुख्यमंत्र्यांचा या फेरफाराशी संबंध दाखविणारा प्रत्यक्ष पुरावा नाही हे मान्य केले, तथापि एकंदर परिस्थिती संशयाला जागा देणारी आहे, हा अभिप्राय नोंदविला. आणि डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती सव्यसाची मुखर्जी यांच्या निकालपत्राद्वारे खंडपीठाचा तो अभिप्राय कायम ठेवून सार्वजनिक जीवनाच्या शुद्धीची निकड प्रतिपादन केली.

या खटल्याचे राजकीय परिणाम सर्वपरिचित आहेत; परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व दुसऱ्याच एका मुद्द्यात आहे. याचिकाकर्ता स्वतः अनुत्तीर्ण उमेदवार होता, म्हणजे त्याचा स्वार्थ त्यात गुंतलेला होता. तेव्हा त्याच्या तक्रारीची दखल का घ्यावी, असा आक्षेप घेता येण्याजोगा होता. सर्वोच्च न्यायालयाने मात्र असे तत्त्व मांडले की, एखाद्याने वैयक्तिक हितासाठी जरी न्यायालयाचे दार ठोठावले, तरी न्यायाच्या दृष्टीने त्या विषयाची चौकशी आवश्यक वाटल्यास न्यायालय ती करू शकते. गुणांविषयीची तक्रार ही एका मुलाची खाजगी रड नसून सार्वजनिक विश्वासाचा प्रश्न असू शकते, याला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाची मान्यता मिळाली. अर्ज नामंजूर झाला की मुकाट्याने गावी परतणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना जे सांगता आले नव्हते ते या निकालपत्राने सांगितले. ज्या परीक्षेचा कागद कोणीच पाहू शकत नाही त्या परीक्षेत बलवानांसाठी फेरफार करणेही सुलभ होते, आणि म्हणून गोपनीयता ही निःपक्षपातीपणाची हमी होऊ शकत नाही, हा या प्रकरणाचा खरा बोध आहे.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडजवळच्या विष्णुपुरी येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर आणि परभणी हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. पुढे १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा निराळा झाला. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे पूर्वी लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि या नेमणुकीने दोन्ही जिल्ह्यांचा ऋणानुबंध दृढ झाला. दाद मागण्याचे ठिकाण औरंगाबादेहून नांदेडला आले, ही गोष्ट आज किरकोळ वाटेल. परंतु ज्याला एका दिवसाची मजुरी बुडवून मुलाबरोबर परीक्षा विभागात जावयाचे आहे अशा बापाच्या लेखी न्यायाचे अंतर मैलांतच मोजले जाते. मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रे, ज्यांना सारे ‘कॅप’ म्हणून ओळखतात, उत्तरपत्रिकेवरील आसनक्रमांक झाकून दिले जाणारे सांकेतिक क्रमांक, परीक्षकाच्या गुणदानावर नियामकाची नजर आणि शुल्क भरून मिळणारे पुनर्मूल्यांकन या गोष्टी हळूहळू विद्यापीठांच्या कामकाजात रुळल्या.

याच काळात परीक्षेच्या दुसऱ्या टोकालाही एक झुंज चालू होती. सामूहिक कॉपीची कीड शाळा-महाविद्यालयांना लागली होती. १९८२ साली राज्याने परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तरी ती हटली नव्हती. २०१० च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची जी मोहीम राबविली तिच्यामुळे उत्तीर्णांचे प्रमाण प्रथम घसरले, परंतु गुणपत्रकाला पुन्हा किंमत आली. गुणांविषयी न्याय मागण्याचा नैतिक अधिकार प्रामाणिकपणे लिहिलेल्या उत्तरातूनच उत्पन्न होतो. म्हणून कॉपीविरोधी मोहीम आणि पुनर्मूल्यांकनाचा हक्क या दोन निरनिराळ्या गोष्टी नसून एकाच न्यायाच्या दोन बाजू आहेत, असे मी मानतो.

१९८४ मध्ये जे दार बंद झाले ते २०११ मध्ये उघडले, आणि ते उघडण्यासाठी किल्ली वापरली गेली ती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याची. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये निर्णय दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही त्या कायद्याच्या अर्थाने माहिती आहे, आणि ती पाहण्याचा व तिची प्रत मिळविण्याचा उमेदवाराला अधिकार आहे. परीक्षकाचे नाव मात्र त्याच्या सुरक्षिततेसाठी उघड करू नये. पुनर्मूल्यांकनाचा सर्वसाधारण हक्क या निकालाने दिला नाही. तो ज्या त्या संस्थेच्या नियमांवर अवलंबून राहिला. परंतु उत्तरपत्रिका पाहता येणे यातच निम्मा न्याय सामावलेला आहे. कोरे सोडलेले पान, तपासावयाचे राहून गेलेले उत्तर, आत एक आणि मुखपृष्ठावर दुसराच असलेला अंक, यांपैकी काय घडले हे आता विद्यार्थ्याला अनुमानाने ठरवावे लागत नाही. आणि अनेकदा असेही घडते की, छायाप्रत हाती आल्यावर आपलेच उत्तर अपुरे होते हे त्याच्या ध्यानात येते आणि मनातील किल्मिष निघून जाते. हाही न्यायाचाच लाभ होय.

त्यानंतरची वाटचाल कायद्यांच्या कलमांतून झाली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रार-निवारणाची तरतूद झाली. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने घाईने स्वीकारलेल्या संगणकीय मूल्यमापनाने निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले, तेव्हा यंत्राच्या साहाय्याने केलेल्या गुणदानालाही उत्तरदायित्व हवे हे साऱ्या राज्याला उमगले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी प्रत्येक विद्यापीठात लोकपालाची नेमणूक आवश्यक केली. मात्र केवळ गुण कमी वाटतात म्हणून लोकपालाकडे जाता येत नाही, निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभाव दाखवून द्यावा लागतो. ही मर्यादा मला योग्य वाटते. तक्रार नेमकी असावी, पुराव्याने युक्त असावी, आणि तिचा निर्णय मुदतीत लागावा, हीच अपिलाची जुनी मर्यादा येथेही पाळली गेली आहे.

तथापि एक क्षेत्र अद्याप अंधारात आहे, आणि आजच्या विद्यार्थ्याची खरी व्यथा तेथेच आहे. सत्र-पद्धती, श्रेयांक आणि श्रेणी यांची व्यवस्था आल्यापासून निकालातील मोठा वाटा अंतर्गत मूल्यमापनाचा झाला आहे. लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. परंतु चर्चासत्रातील सादरीकरण, प्रकल्प, प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा यांना दिलेल्या गुणांचा कागद बहुधा एका आकड्यापुरताच असतो, आणि तो आकडा कोणत्या निकषाने आला हे सांगणारा एक शब्दही त्याच्या शेजारी लिहिलेला नसतो. अंतर्गत गुण हे ज्याच्या हाती आहेत तो अध्यापक अज्ञात परीक्षक नसून रोज भेटणारा गुरू असतो. त्यामुळे तक्रार करणाऱ्याला पुढच्या सत्रातील गुणांची धास्ती वाटते आणि तो गप्प राहतो. पूर्वी अन्याय दूर अंतरामुळे दडला, आता तो जवळिकीमुळे दडतो. १९३८ च्या विद्यार्थ्यापुढे संस्था सोडून जाण्याचा तरी मार्ग होता. आजच्या विद्यार्थ्यापुढे मौनाशिवाय अन्य मार्ग नसेल, तर शंभर वर्षांच्या या वाटचालीतील शेवटचा टप्पा आपण अजून गाठलेला नाही, असेच म्हटले पाहिजे.

म्हणून नांदेड-लातूरच्या, किंबहुना साऱ्या महाराष्ट्राच्या अध्यापकांना विनंती आहे की, अंतर्गत गुणांचे निकष सत्राच्या आरंभी लेखी जाहीर करावेत, प्रत्येक श्रेणीशेजारी दोन ओळींचा कारणयुक्त शेरा लिहावा, आणि विद्यार्थ्याने विचारल्यास तो निःसंकोचपणे दाखवावा. कारण सांगितल्याने गुरूचे महत्त्व कमी होत नाही, ते वाढते. महाविद्यालयांनी तक्रार ऐकणाऱ्या समितीत गुण देणाऱ्या अध्यापकाखेरीज अन्य व्यक्ती नेमाव्यात आणि पुढील परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपण्यापूर्वी निर्णय द्यावा, कारण उशिरा मिळालेल्या गुणांनी हुकलेले वर्ष परत येत नाही. आणि विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच की, श्रेणी अन्याय्य वाटली तर प्रथम आपले उत्तर परक्याचे समजून वाचा. मग कोणत्या प्रश्नात, कोणत्या मुद्द्याला आणि का गुण मिळावयास हवे होते ते सभ्य, नेमक्या शब्दांत लिहून मुदतीत द्या, त्या अर्जाची पोच घ्या, आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. हा हक्क तुम्हाला कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. तो तुमच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी मिळविलेला आहे, आणि तो वापरणाऱ्यांच्याच हाती सुरक्षित राहणार आहे.